पाय टेकले पाहिजेत!

"मराठी विभागाला लेख कमी पडताहेत, तू एक दे," असं संपादक मंडळातला मित्र म्हणाला तेव्हा मला हसूच आलं. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात माझा अजूनही गोंधळ होतो. भाजीवाली "एकोणपन्नास" म्हणाली की मी गुपचूप पन्नासची नोट पुढे करतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सरांनी पोटात घालाव्यात, ही सुरुवातीलाच विनंती!

विषय मात्र मी असा घेतलाय की ज्यावर आपल्या हॉस्टेलमधला कोणीही रात्री दोन वाजेपर्यंत बोलू शकतो. बाईक! त्यातही आपला कायमचा प्रश्न: एकच गाडी घ्यायची असेल, जी हायवेलाही चालली पाहिजे आणि कच्च्या रस्त्यालाही, तर कोणती घ्यायची? मेसमध्ये या प्रश्नावरून भांडणं झाली आहेत. ताटं वाजली आहेत. बुलेटवाले एका टेबलावर आणि बाकीचे दुसऱ्या टेबलावर, इथपर्यंत वेळ आलेली आहे.

माझ्यासाठी मात्र हा प्रश्न मेसपुरता राहिला नाही. तो घरून आला.

माझे पप्पा काठीजवळच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं गाव. पूर्वी ते मेहवासी संस्थान होतं. तिथल्या राजवाडी होळीचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. आमचं घर अक्कलकुव्याला. पप्पा रोज सकाळी गाडीला किक मारतात, देवगोई घाट चढतात, काठी गाठतात आणि तिथून पुढे दगडधोंड्यांच्या वाटेने पाड्यावर जातात. मी मात्र नंदुरबारला आत्याकडे राहून शिकलो. त्यामुळे पप्पांचा रस्ता मला फक्त ऐकून माहीत. लहानपणी दोन-तीनदा जीपमधून होळीला गेलो असेन, तेही आईच्या मांडीवर झोपून.

आमची गाडी स्प्लेंडर, 2008 सालची. टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेलं आहे. 2010 च्या डिसेंबरात त्या दोन कंपन्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं, त्याचा आमच्या टाकीवर काही परिणाम झाला नाही! 2023 ला गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा पप्पांनी आरटीओत जाऊन पाच वर्षांची नोंदणी वाढवून आणली. पण 2024 च्या दिवाळीत मी घरी गेलो तर गाडी निळा धूर सोडत होती. पप्पा म्हणाले, "इंजिन दमलं आता. पतसंस्थेतून कर्ज काढून नवी घेऊ. तू इंजिनिअर होऊन राहिला ना? मग तूच सांग कोणती घ्यायची. पण एकच घ्यायची भाऊ. शाळेत जायला तीच, मम्मीला घेऊन नंदुरबारला जायला तीच, आणि तू सुट्टीत आला की तुलाही तीच."

मित्रांनो, या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. तुलाही तीच!

हॉस्टेलला परत आल्या आल्या मी एक्सेल शीट उघडली. सीसी, पॉवर, टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, पुढच्या चाकाचा व्यास, टायर, टाकी, मायलेज, वजन, सीटची उंची, किंमत. बारा कॉलम. प्रत्येक कॉलमला मार्क आणि मार्कांना वेटेज. असाइनमेंटसाठी मी आयुष्यात एवढी मेहनत घेतलेली नाही.

आमच्या विंगमध्ये एक सीनियर आहे, त्याला आम्ही 'टॉर्क' म्हणतो, कारण त्याचं कोणतंही वाक्य टॉर्कशिवाय पूर्ण होत नाही. त्याने मला सगळा इतिहास शिकवला. पूर्वी आपल्याकडे 'दोन्ही रस्त्यांची गाडी' असा वेगळा प्रकार नव्हताच. दूधवाल्यांची राजदूत 175 ही मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. ती कॅन लटकवून बांधावरूनही जायची आणि डांबरावरूनही. तिला कोणी 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणत नव्हतं. मग 2011 ला हिरोने 150 सीसीची इम्पल्स आणली. उंच, लांब फोर्कची, सडपातळ गाडी. पण तेव्हा लोकांना ती कळली नाही आणि काही वर्षांनी ती बंद झाली. 2016 ला रॉयल एन्फिल्डची 411 सीसीची हिमालयन आली. 2019 ला एक्सपल्स 200 आली, 2021 ला तिचंच चार व्हॉल्व्हचं मॉडेल. 2023 च्या शेवटी नवी 452 सीसीची हिमालयन आली, चाळीस पीएस पॉवरची.

माझ्या शीटमध्ये हिमालयन किमतीला आणि वजनाला अडकली. 196 किलो! शिवाय तिला किक नाही, आणि किक नसलेली गाडी पप्पांच्या दृष्टीने गाडीच नाही. राहिली एक्सपल्स. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18. ग्राउंड क्लिअरन्स 220 मिलिमीटर. पुढच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल 190. आमच्या स्प्लेंडरचा ग्राउंड क्लिअरन्स त्याहून बराच कमी. शीटने निकाल दिला: एक्सपल्स पहिली, बाकीच्या नापास.

आता एक कबुली. सीटच्या उंचीचा कॉलम शीटमध्ये होता, पण त्याला मी वेटेज शून्य दिलं होतं. कारण मी पाच फूट अकरा इंच आहे. पप्पा पाच फूट तीन.

2025 ची होळी 13 मार्चला होती. टॉर्ककडे एक्सपल्स होतीच. "घेऊन जा, काकांना चालवून दाखव. पण एक ओरखडा आला तर तुझी बॅक लागली समज," असा आशीर्वाद देऊन त्याने चावी दिली. मी निघालो.

काय गाडी आहे, यार! हायवेला ऐंशीच्या आसपास ती मजेत चालते. त्याच्यापुढे ताणली की हँडल झिणझिणतं आणि वारा छातीवर बसतो, पण घाई कोणाला होती? तळोद्यापासून पुढे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर जिथे खड्डे सुरू झाले, तिथे तिने खरा रंग दाखवला. चाक जेवढं मोठं, तेवढा खड्ड्याचा काठ त्याला कमी उभा वाटतो. छोटं चाक काठावर आपटतं, मोठं चाक त्यावर चढून जातं. हे मी थिअरीत वाचलं होतं. त्या दिवशी ते कमरेला कळलं. घरी पोचलो तेव्हा पाठ ताजीतवानी होती. पप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "उंट आणला का रे?"

होळीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं काठीला निघालो. पप्पा स्प्लेंडरवर पुढे, मी उंटावर मागे. देवगोई घाटात पप्पा कुठे हॉर्न द्यायचा, कुठल्या वळणावर डावीकडे चिकटायचं, हे न बघताच करत होते. मोहाच्या फुलांचा वास येत होता. वाटेत जीपच्या टपावर माणसं, माणसांच्या मांडीवर ढोल. मी मागून बघत होतो. स्प्लेंडरचं मागचं चाक प्रत्येक खड्ड्याला उडत होतं आणि पप्पा पायांवर थोडेसे उठून तो धक्का घेत होते. सस्पेन्शन गाडीत नव्हतं, पप्पांच्या गुडघ्यांत होतं. मनात म्हटलं, बस, आता ठरलं, एक्सपल्सच.

काठीच्या पुढे पाड्याची वाट सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "पप्पा, आता तुम्ही घ्या ही." ते नको म्हणत होते. मी हट्ट केला. ते चवड्यावर उभं राहून कसेबसे बसले, पण गाडी सुरू झाल्यावर छान चालवत होते. एक छोटा नाला त्यांनी असा पार केला की मी मागून ओरडलो, "एक नंबर!"

पुढे एक चढ होता. मोकळ्या दगडांचा, डाव्या अंगाला उतरता. वरून डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बाया येत होत्या. पप्पांनी त्यांना वाट द्यायला गाडी थांबवली. रोज थांबवतात तशीच. आणि डावा पाय खाली टाकला. रोज टाकतात तसाच.

खाली जमीन नव्हती.

सपाट जागी त्यांचे जेमतेम चवडे पोचत होते. इथे डावीकडची जमीन वीतभर खाली होती. गाडी कलली. उंच गाडीचा गुरुत्वमध्य उंच, तो एकदा चाकाच्या रेषेबाहेर गेला की 158 किलो कोण सावरणार? फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा प्रश्न आहे हा. मी त्याला पूर्ण मार्क मिळवले होते. गाडी पडली आणि पप्पांचा पाय तिच्याखाली गेला.

मी स्प्लेंडर तशीच टाकून पळालो. मला एकट्याला ती गाडी त्या उतारावर उचलता येईना. पाय घसरत होते. पप्पा ओठ दाबून पडले होते आणि मलाच म्हणत होते, "घाबरू नको, हळू." मोळ्या टाकून त्या दोघी धावल्या, वरून पाड्यावरची दोन पोरं "गुरुजी, गुरुजी" करत आली, तेव्हा गाडी उठली. पप्पांचा घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. गाडीचा क्लच लिव्हर बुडापासून तुटला होता.

पुढचं सगळं स्प्लेंडरवर झालं. ती बिचारी मी टाकली तिथे आडवी पडली होती. मी ती एका झटक्यात उभी केली आणि पहिल्या किकला ती सुरू झाली. पाड्यावरचा एक दादा चालवायला, मधे पप्पा आणि मागे मी, त्यांचा पाय हातात धरून. तिघं बसणं कायद्यात बसत नाही, माहीत आहे. त्या वाटेवर दुसरं काही नव्हतं. मोलगीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड शाबूत आहे, मुरगळलाय. माझे पाय त्यानंतर थरथरायला लागले.

संध्याकाळी त्या दादाबरोबर मोलगीत क्लच लिव्हर शोधला. एक्सपल्सचा नव्हता. गॅरेजवाला म्हणाला, "स्प्लेंडरचं काय पाहिजे ते सांगा." केबल, लिव्हर, क्लच प्लेट, चेन, ट्यूब, सगळं भिंतीला टांगलेलं होतं. शेवटी त्याने दुसऱ्याच एका गाडीचा लिव्हर कानशीने घासून दिला आणि तो आम्ही पाड्याच्या वाटेवर जाऊन बसवला. इंजिनिअरिंग कशाला म्हणतात ते मी त्या गॅरेजच्या पायरीवर बसून पाहिलं.

मला वाटलं, आता घरी जायचं. पण पप्पा म्हणाले, "काठीची होळी चुकवायची नाही." ओळखीच्या एका घराच्या अंगणात ते पाय उशीवर ठेवून बसले. रात्रभर ढोल वाजत होते. कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले बावा आणि बुध्या अनवाणी नाचत होते. होळीच्या उंच बांबूचा खड्डा इथे हत्याराने खणत नाहीत, हाताने माती उकरतात. होळी पेटते ती पहाटे.

शेजारच्या वावरात गाड्याच गाड्या लागल्या होत्या. मला सवयच, मी मोजायला लागलो. शंभरपर्यंत मोजल्या. शंभर सीसी, सव्वाशे सीसी, परत शंभर सीसी. उंच फोर्कवाल्या फक्त दोन, त्यातली एक मी आणलेली. या सगळ्या माणसांनी याच घाटातून, याच वाटांवरून गाड्या आणल्या होत्या. मी त्यांना अडाणी समजत होतो का? शीट बनवताना त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं मला वाटलं नव्हतं, एवढं खरं.

मध्यरात्रीनंतर मी पप्पांना विचारलं, "सतरा वर्षांत तुम्ही किती वेळा पडलात?"

"मोजलं नाही."

"मग?"

"मग काय? उठायचं, गाडी उचलायची, शाळेत जायचं." थोडं थांबून म्हणाले, "आज पडलो तेव्हा चार माणसं होती. जुलैत नसतात."

एवढंच. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पहाटे होळी पेटली, लोकांचा आवाज चढला, आणि मी त्या उजेडात त्यांच्या पायाकडे बघत होतो.

घरी आल्यावर कर्जाच्या कागदांसाठी जुन्या गाडीची फाईल काढली. त्यात एक वही होती. 2008 पासूनचा हिशोब, पप्पांच्या फळ्यावरच्या अक्षरात. पंक्चर. क्लच केबल. चेन-स्प्रॉकेट. पंक्चर. "नाल्याला पूर, दोन तास थांबलो." इंजिन ऑईल. आणि मधे मधे, दर जून महिन्यात, त्याच शाईत, "कॉन्व्हेंट फी". गाडीच्या खर्चात माझी फी का लिहिली, असं मी मम्मीला विचारलं. ती म्हणाली, "एकाच पगारातून जायचं ना रे दोन्ही. फीचा महिना असला की टायर पुढच्या महिन्यात."

मी वही मिटली आणि लॅपटॉप उघडला. शीटमध्ये चार नवे कॉलम टाकले. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय उतारावर टेकतात का? एकट्याने उचलता येते का? शेवटच्या गावात स्पेअर मिळतो का? अडल्यावर मागे अजून माणूस बसतो का? आणि वेटेज बदललं. आता निकाल वेगळा आला. सीटची उंची 785 मिलिमीटर, वजन 112 किलो, किक आहे, सगळे स्पेअर मोलगीच्या भिंतीवर. इतक्या दिवसांच्या अभ्यासानंतर माझ्या शीटने पप्पांना सांगितलं, स्प्लेंडर घ्या!

पप्पा खूप हसले. म्हणाले, "हे तर शोरूमवाला फुकट सांगत होता."

पण मित्रांनो, गैरसमज नको. दोष एक्सपल्सचा नव्हता, माझ्या तक्त्याचा होता. माझ्या उंचीच्या माणसाला, बरोबर मित्र असताना, आजही मी तीच गाडी सांगेन. नोकरी लागली की स्वतःच्या पैशाने घेईनही. चांगल्या रस्त्यावर कोणतीही गाडी चालते. म्हणून दोन रस्त्यांसाठी एकच घ्यायची असेल तर सगळ्यात वाईट रस्त्याचे सगळ्यात वाईट शंभर मीटर बघून घ्यायची, इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण त्या शंभर मीटरवर कोण असणार, त्याची उंची किती, वय किती, बरोबर कोणी आहे का, हे ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. ते तिथे जाऊन बघावं लागतं. माझे वडील सतरा वर्षं त्या रस्त्याने जात होते आणि मी एकदाही मागून गेलो नव्हतो.

आखाजीला नवी गाडी घरी आली. माझं इंजिनिअरिंग मी अगदीच वाया जाऊ दिलं नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दात साधारण पाच टक्क्यांनी वाढवून घेतले. म्हणजे चाकावरचा टॉर्क तेवढाच वाढतो आणि टॉप स्पीड तेवढा कमी होतो. घाटात फायदा, आणि पप्पा काही रेस लावत नाहीत. मागचा टायर जाड खाचांचा टाकला. क्लचच्या केबलशेजारी एक जादा केबल टेपने बांधून ठेवली. ही युक्ती माझी नाही, जुन्या गाडीवर पप्पांनी केव्हाच केलेली होती. मला ती कधी दिसली नव्हती.

टॉर्कला मी नवा लिव्हर घेऊन दिला. त्याने सगळी हकीकत ऐकली आणि पहिल्यांदाच टॉर्क हा शब्द न वापरता एक वाक्य बोलला, "काकांचा पाय कसा आहे?"

पाय बरा आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी मी न राहवून फोन केला. मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, म्हणजे पोचले होते.

"पप्पा, त्या चढावर थांबलात का?"

"थांबलो ना. बैलगाडी येत होती."

"मग?"

"टेकले रे पाय," पप्पा म्हणाले. "दोन्ही."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी